गादीचं काय करायचं? निजामाविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थांची अठरा वर्षं

२६ जानेवारी १९५० ला भारत प्रजासत्ताक झाला. त्या दिवशी हैदराबाद राज्याचा राजप्रमुख, म्हणजे राज्यपालासारखा घटनात्मक प्रमुख, झाला मीर उस्मान अली खान, म्हणजे सातवा निजाम. त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ सोळा महिन्यांपूर्वीच त्याच्या तुरुंगातून सुटले होते. राज्य गेलं होतं, रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूने लढणारी सशस्त्र दलं संपली होती, फौजेने शस्त्रं खाली ठेवली होती. राजा मात्र होता. आता त्याचं पद राज्यघटनेत होतं आणि वर्षाला ५० लाख रुपयांचा तनखाही बांधून दिलेला होता.

आमच्या मराठवाड्यात दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, भाषणं होतात आणि गोष्ट तिथेच संपवली जाते. मला ती तिथे संपवता येत नाही. राजेशाही घालवायला निघालेल्या माणसाला गादीचा प्रश्न किती वेळा भेटला, दर वेळी त्याने काय ठरवलं आणि त्याची किंमत कोणी भरली, हे इथे मांडायचं आहे. मोठी, सार्वजनिक नावं तेवढी घेतली आहेत. गावोगावचे कार्यकर्ते आणि ज्यांची घरं जळाली ती माणसं यांची नावं मुद्दाम टाळली आहेत. त्यांची नातवंडं आजही त्याच गावांत एकमेकांच्या शेजारी राहतात.

पार्श्वभूमी

हैदराबाद संस्थान सुमारे ८२ हजार चौरस मैलांचं होतं आणि १९४१ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या घरात होती. सोळा जिल्ह्यांपैकी आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड. राजघराणं मुस्लिम, कारभाराची भाषा उर्दू आणि पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास प्रजा हिंदू. जवळपास चाळीस टक्के जमीन जहागिरींत आणि निजामाच्या खाजगी मालकीच्या सर्फ-ए-खासमध्ये अडकलेली. आपल्याकडची जुनी माणसं या मुलखाला मोगलाई म्हणत. सोलापूरकडून येताना इंग्रजी हद्द संपली की मोगलाई सुरू व्हायची आणि माणसाचा आवाज आपोआप खाली यायचा. त्याला कारण होतं. गश्ती निशान ५३ या हुकमाने परवानगीशिवाय सभा घेणं बंद होतं आणि परवानगी मिळणं न मिळणं अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं.

स्वामीजींचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचा जन्म १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा. असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी सरकारी शाळा सोडली, राष्ट्रीय शिक्षण घेतलं आणि काही काळ कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केलं. पुढे ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला आणि स्वामी रामानंद तीर्थ झाले. तिथून अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात आणि १९३८ मध्ये हैदराबादेत.

संस्थानात राजकीय संघटना काढता येत नव्हती, पण भाषेची आणि शिक्षणाची परिषद कशीबशी भरवता यायची. तेलुगू भागात आंध्र महासभा आधीपासून होती. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन भरलं आणि कन्नड भागातही तशीच परिषद उभी राहिली. त्या काळी ही निव्वळ सोय होती. सरकारने राजकारण बंद केलं म्हणून लोक भाषेच्या दारातून आत शिरले. या तीन दारांचं पुढे काय झालं, ते शेवटी येईलच.

पहिला पेच: १९३८

स्टेट काँग्रेस स्थापायची ठरली तेव्हा तिचं ध्येय असं लिहिलं गेलं: असफजाही घराण्याच्या, म्हणजे निजामाच्या घराण्याच्या, छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. म्हणजे राजा राहील, मंत्रिमंडळ लोकांना जबाबदार असेल.

आज हे वाचून तरुण कार्यकर्ते नाराज होतात. मला तो शब्दप्रयोग योग्य वाटतो. त्याच वर्षी फेब्रुवारीत हरिपुरा अधिवेशनात अखिल भारतीय काँग्रेसने संस्थानांतले लढे काँग्रेसच्या नावाने चालवायचे नाहीत, तिथल्या लोकांनी ते आपल्या बळावर उभे करावेत, असं ठरवलं होतं. पाठीशी कोणी नाही, वर्तमानपत्रं बाहेरून येणार आणि सरहद्दीवर अडवली जाणार, सभासद होणारे लोक वकील, मास्तर, लहान व्यापारी. त्यांना पहिल्याच दिवशी ‘गादी नको’ असं लिहिलेल्या पावतीवर सही करायला सांगितलं असतं तर दहा सह्याही आल्या नसत्या. शिवाय राजाला स्वतःहून पायउतार होता येतं, हे नजरेसमोर होतं. महाराष्ट्रात औंधच्या पंतप्रतिनिधींनी गांधीजींच्या सल्ल्याने आपली सत्ता प्रजेच्या हाती देण्याचा मार्ग याच सुमारास धरला होता.

इतकी मवाळ भाषा वापरूनही सप्टेंबर १९३८ मध्ये, स्टेट काँग्रेस रीतसर जन्माला येण्याच्या आतच, तिच्यावर बंदी आली. काँग्रेस हे नावच सरकारला खुपत होतं. मग २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह. गोविंदराव नानलांपासून सुरुवात झाली आणि स्वामीजीही त्याच महिन्यात तुरुंगात गेले. तिकडे उस्मानिया विद्यापीठात वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकलं. त्यांतले बरेच जण नागपूरला शिकायला गेले आणि त्यांतल्या एकाचं, पी. व्ही. नरसिंह राव यांचं, नाव पुढे साऱ्या देशाला कळलं.

आणि दोनच महिन्यांत, २४ डिसेंबरला, सत्याग्रह थांबवला गेला.

हा निर्णय त्या वेळी अनेकांना झोंबला. पण कारण नीट पाहिलं पाहिजे. त्याच सुमारास आर्य समाजाचा आणि हिंदू महासभेचाही सत्याग्रह संस्थानात चालू होता. तुरुंगात जाणारे वेगळे, मागण्या वेगळ्या, पण बाहेरून पाहणाऱ्याला सगळं एकच दिसत होतं: मुस्लिम राजाविरुद्ध हिंदू. निजामाचं सरकार हेच सांगत होतं. गांधीजींनी सल्ला दिला की थांबा, मिसळ होऊ देऊ नका. स्टेट काँग्रेसने तो ऐकला.

थांबणं बरोबरच होतं. पण थांबल्यावर जे करायला हवं होतं ते अपुरं राहिलं. आपला लढा राजपदाविरुद्ध आहे, राजाच्या धर्माविरुद्ध नाही, हे गावागावांतल्या मुस्लिम शेतकऱ्याला, विणकराला, तांगेवाल्याला जाऊन सांगायचं काम त्या पुढच्या वर्षांत व्हायला हवं होतं. नेते भगव्या वस्त्रातले होते. त्या वस्त्राने खेड्यांत दारं उघडली, लोक पाया पडायला आले, ऐकायला बसले. पण ते वस्त्र पाहूनच दुसऱ्या आळीतली दारं मिटत असतील, याचा हिशेब पुरेसा मांडला गेला असं मला वाटत नाही. स्वामीजींच्या मनात किंतु नव्हता. त्यांचं सारं बोलणं-वागणं त्याची साक्ष देतं. पण चळवळीचा नेता लोकांना आधी दिसतो, मग ऐकू येतो.

१९३९ ते १९४६ ही वर्षं बंदीची, वैयक्तिक सत्याग्रहाची, १९४२ च्या अटकेची. सरकारने १९३९ मध्ये सुधारणा जाहीर केल्या. त्यांत कायदेमंडळात हिंदू आणि मुसलमानांना सारख्या जागा होत्या आणि खरी सत्ता कुठेच नव्हती. बंदी उठली जुलै १९४६ मध्ये.

दुसरा पेच: १९४७

बंदी उठताच तिन्ही भाषिक परिषदांची माणसं एकत्र आली आणि अध्यक्षपदाची निवडणूक झाली. एका बाजूला बुर्गुल रामकृष्ण राव, कायद्याचे जाणकार, मवाळ, वाटाघाटीवर विश्वास असलेले. दुसऱ्या बाजूला स्वामीजी आणि त्यांच्यामागे गोविंदभाई श्रॉफांसारखे डावीकडे झुकलेले तरुण. स्वामीजी थोड्या मतांनी निवडून आले. संघटना एक होती आणि तिची मनं दोन होती, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावं.

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढलं: इंग्रज गेले की हैदराबाद स्वतंत्र होईल. त्याच महिन्यात मुशीराबादला स्टेट काँग्रेसचं अधिवेशन भरलं. आता ठरवावंच लागणार होतं.

मवाळांचा कल आधी जबाबदार राज्यपद्धती पदरात पाडून घेण्याकडे होता. सामील व्हायचं की नाही ते लोकांचं सरकार ठरवील. यात रक्तपात टळण्याची आशा होती. पण निजामाच्या हाती वेळ जात होता आणि लातूरचा वकील कासीम रझवी रझाकारांची संख्या रोज वाढवत होता. दुसऱ्या टोकाला तेलंगणात कम्युनिस्टांनी १९४६ पासून जमिनीचा लढा पेटवला होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं: देशमुखाची गढी आणि निजामाची गादी एकाच पायावर उभ्या आहेत, दोन्ही एकदमच पाडायच्या. यात गरीब शेतकऱ्याला आपलं काही दिसत होतं. स्टेट काँग्रेसमध्ये मात्र जमीनवाले लोक होते आणि त्यांना हे परवडणारं नव्हतं.

स्वामीजींनी मधली, पण ठाम वाट निवडली: हैदराबाद भारतात सामील झालंच पाहिजे आणि राज्य लोकांच्या हाती आलं पाहिजे. ७ ऑगस्टला ‘भारतीय संघात सामील व्हा’ दिन पाळला गेला. १५ ऑगस्टला तिरंगा फडकवण्याचा कार्यक्रम ठरला आणि त्याच दिवशी स्वामीजींना अटक झाली.

या ठरावात एक जागा कोरी राहिली, आणि माझ्या मते साऱ्या प्रकरणाचं मर्म तिथेच आहे. सामीलनामा कोण देणार? निजाम. म्हणजे ज्याला हटवायचं त्याच्याच सहीची मागणी. सामील होण्याने संस्थानाचं सार्वभौमत्व जात होतं, राजपद जात नव्हतं. ‘सामील झाल्यावर गादीचं काय?’ या प्रश्नाला मुशीराबादला उत्तर दिलं गेलं नाही. ते देणं त्या क्षणी अवघड होतं, हे मी मान्य करतो. निजामाच्या सहीची शक्यता शिल्लक असताना त्याला सांगायचं की सही करा आणि जा, हे कोण करील? पण निदान संघटनेच्या आत ते ठरवून ठेवता आलं असतं. न ठरवल्यामुळे ते दुसऱ्यांनी ठरवलं.

लढा

२९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला. स्वामीजी सुटले आणि जानेवारीत पुन्हा आत गेले. तुरुंगाबाहेरची सूत्रं कृती समितीकडे होती. दिगंबरराव बिंदू तिचे प्रमुख. सरहद्दीलगत, इंग्रजी हद्द राहिलेल्या मुलखात, कॅम्प उभे राहिले. तिथून नाकी जाळणं, करोडगिरीची (जकातीची) ठाणी उठवणं, शिंदीची झाडं तोडणं आणि रझाकारांना हत्याराने तोंड देणं सुरू झालं. संन्याशाच्या, गांधींच्या मार्गाने निघालेल्या संघटनेने बंदूक हाती घेतली. ३० जानेवारी १९४८ ला, दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, उमरीची बँक लुटली गेली. त्या पैशाचा हिशेब ठेवला गेला ही गोष्ट नांदेडकडे आजही अभिमानाने सांगतात, आणि अभिमान वाटावा अशीच ती आहे.

पण एक फरक तेव्हाच दिसायला हवा होता. तिजोरीचा हिशेब ठेवणारे हात कॅम्पात होते. हत्यारांचा, आणि हत्यारांमागच्या रागाचा हिशेब ठेवणारं कोणी नव्हतं. रझाकारांनी गावंच्या गावं जाळली, लोक लेकराबाळांसह सरहद्द ओलांडून पळाले. हा राग खोटा नव्हता. त्याला वाट कोणती द्यायची, हे तुरुंगात बसलेल्या नेत्याला बाहेर सांगता येत नव्हतं.

ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. भारतात सामील व्हा, असं ते उर्दूत, आपल्याच समाजाला उद्देशून लिहीत होते. आमच्या १७ सप्टेंबरच्या भाषणांत हे नाव फार कमी वेळा ऐकू येतं, याचं मला दुःख आहे. गादीविरुद्ध उभं राहण्याची जोखीम त्यांच्याइतकी कोणाचीच नव्हती.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज शिरली, १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली, स्वामीजी सुटले.

त्यानंतरच्या आठवड्यांत मराठवाड्यात आणि कन्नड जिल्ह्यांत मुस्लिमांवर जे झालं ते इथे लिहिलं नाही तर हे लेखन अप्रामाणिक ठरेल. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने गावोगाव फिरून सावध अंदाज दिला: २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. उस्मानाबाद, नांदेड, गुलबर्गा, बीदर या जिल्ह्यांना सर्वांत मोठी झळ बसली. अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. मेलेल्यांत रझाकार किती आणि ज्यांनी निजाम कधी डोळ्यांनीही पाहिला नव्हता असे किती? राजाच्या धर्माचे म्हणून ते राजाचे धरले गेले. आणि खुद्द राजा आपल्या कोठीत सुखरूप होता.

तिसरा पेच: १९४९–५०

मेजर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास राज्यात विलीन झालं, जहागिऱ्या गेल्या. फेब्रुवारीत सरदार पटेल हैदराबादला आले तेव्हा निजाम विमानतळावर हात जोडून उभा होता. ते छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं आहे. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाने फर्मान काढून भारताची राज्यघटना स्वीकारली. म्हणजे राज्यघटनाही आली ती राजाच्या फर्मानाने.

दिल्लीचं गणित मला समजतं. हैदराबादचं प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेलेलं होतं. राजाने स्वतःच तक्रार मागे घेतली, स्वतःच घटना मान्य केली, हे जगाला दाखवणं सोयीचं होतं. धास्तावलेल्या मुस्लिम समाजाला धीर मिळेल, असंही म्हटलं गेलं. स्वामीजींना निजाम राजप्रमुख म्हणून नको होता. पण विरोध करायचा कसा? पदत्याग करून रस्त्यावर उतरायचं तर समोर निजाम नव्हता, पटेल आणि नेहरू होते. शिवाय संघटना तोवर दुभंगली होती. एक गट बुर्गुल रामकृष्ण रावांचा, एक स्वामीजींचा, आणि गोविंदभाईंसारखे तरुण तर बाहेरच पडले. १९५२ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्री झाले बुर्गुल रामकृष्ण राव. स्वामीजी गुलबर्ग्यातून लोकसभेत गेले. एका अर्थी राज्याच्या कारभारातून बाहेर पडले.

याला काही जण पराभव म्हणतात. मी म्हणत नाही, कारण त्यांनी गादीकडे जाणारा दुसरा रस्ता शोधला. हैदराबाद राज्याचं भाषेप्रमाणे त्रिभाजन करा, ही मागणी त्यांनी लावून धरली. नेहरूंना ती पसंत नव्हती. हैदराबादची मिश्र संस्कृती टिकावी असं त्यांना वाटत होतं. पण राज्यच उरलं नाही तर त्याचा राजप्रमुख कशाचा?

निष्पत्ती

१ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य नकाशावरून गेलं. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, कन्नड जिल्हे म्हैसूरला, तेलंगणा आंध्र प्रदेशात. त्याच वेळी घटनेच्या सातव्या दुरुस्तीने राजप्रमुख हे पदच देशभर संपलं. सव्वादोनशे वर्षांची असफजाही गादी तुटली ती ना ठरावाने, ना रणगाड्याने. ती तुटली तीन भाषांच्या रेघांवर. परतूरला गश्ती चुकवण्यासाठी जी परिषद भरली होती तिच्यासारख्या संस्थांनी या रेघा वीस वर्षं आधी आखून ठेवल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, १९४७ च्या ठरावातली कोरी जागा. चार ओळी पुरल्या असत्या: सामीलीकरणानंतर राज्याचा प्रमुख लोकांच्या संमतीने ठरेल. बाहेर जाहीर न करता कार्यकारिणीत एवढं मंजूर करून ठेवलं असतं तरी १९४९ मध्ये दिल्लीपुढे ठेवायला स्वामीजींच्या हाती कागद असता. त्यांच्या हाती फक्त मत होतं.

दुसरं मला याहून मोठं वाटतं. सत्ता कोसळते त्या आठवड्यात गावात काय होणार, याची तयारी कॅम्पांत व्हायला हवी होती. प्रत्येक कॅम्पाकडे नाक्यांची यादी होती. मुस्लिम वस्त्यांची यादी हवी होती: कोणत्या गावात किती घरं आहेत आणि १८ सप्टेंबरच्या सकाळी त्यांच्या दारात आपला कोणता माणूस उभा राहणार. काही गावांत शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांना घरात लपवून वाचवलं. ते त्या त्या माणसांचं मोठेपण होतं. संघटनेने ते कर्तव्य म्हणून वाटून दिलं असतं तर किती जीव वाचले असते, याचा विचार मनातून जात नाही.

जमिनीच्या प्रश्नावर स्टेट काँग्रेस उशिरा जागी झाली. स्वामीजी पुढे विनोबांच्या भूदानात मनापासून उतरले. भूदानाची सुरुवातही १९५१ मध्ये तेलंगणातल्याच पोचमपल्लीत झाली. पण कुळाला जमीन देणारी गोष्ट १९४७ च्या ठरावात असती, तर तेलंगणातल्या गरीब हिंदू आणि मुस्लिम कुळांना एका झेंड्याखाली येण्याचं कारण मिळालं असतं. गढीविरुद्धचा राग धर्माकडे वळण्याआधी जमिनीकडे वळला असता.

तनखा मात्र उरलाच होता. १९६७ मध्ये उस्मान अली खान गेला आणि त्याचा नातू मुकर्रम जाह याला सरकारने वारस म्हणून मान्यता दिली. २८ डिसेंबर १९७१ ला घटनेची सव्विसावी दुरुस्ती अमलात आली. तिने संस्थानिकांचे तनखे बंद केले आणि त्यांची मान्यताही काढून घेतली. त्या दिवसापासून कायद्याच्या कागदावर हैदराबादचा निजाम कोणी उरला नाही. स्वामी रामानंद तीर्थ तेव्हा हयात होते. पंचवीस दिवसांनी, २२ जानेवारी १९७२ ला, ते गेले.